आडवी आलेली म्हैस

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, अब्बांना नाही, आणि दर रविवारी ज्यांच्याबरोबर गाडी काढते त्या ग्रुपला तर नाहीच नाही. परवा पहिल्यांदा एकीला सांगितलं, आणि आता तुम्हाला सांगतेय. तुम्ही मला ओळखत नाही, हे एका अर्थी बरंच आहे. ओळखीचं कोणी समोर असतं, तर मी मध्येच हसून विषय बदलला असता — ती माझी जुनी खोड आहे.

तर सुरुवात गाडीपासून करते. तुम्हाला वाटेल ही बाई वळसा घालतेय. घालतेच आहे. पण पुढची गाडी कोणती घ्यायची, या एवढ्याशा प्रश्नाने माझं बिंग फुटायची वेळ आणली, म्हणून गाडीपासूनच सुरुवात करायला हवी.

मी रुबिना. कामशेतच्या बाजारात अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे पाने-पकडींशी खेळत मी वाढले. आता तळेगावात राहते, एका कारखान्यात क्वालिटीला आहे — म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा! नवरा सलीम लोणावळ्याला बेकरी चालवतो. आणि माझ्याकडे एक मोठी, दणदणीत गाडी होती. नेकेड बाईक म्हणतात तिला. अंगावर प्लास्टिकचं काही झाकण नाही, इंजिन सगळं उघडं. सासूबाईंना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या घाबरून म्हणाल्या, "उघडी गाडी? अगं, मग झाकून तरी ठेव, लोक काय म्हणतील!"

काय गाडी होती ती! मूठ जरा पिळली की आपण पुढे जायचो आणि पोट मागे राहायचं. मागची सीट म्हणजे तळहाताएवढी — सलीम एकदाच बसला, लोणावळ्यात उतरला आणि परत येताना गपचूप लोकल पकडून आला. तळेगावपासून घाटापर्यंत तसली गाडी चालवणारी बाई मी एकटीच, असं मला वाटायचं. चहाच्या टपरीवर बायका जवळ येऊन हॅन्डलला हात लावून बघायच्या. शाळेतल्या पोरी रस्त्याच्या कडेने हात हलवायच्या. आणि मला ते आवडायचं — खोटं कशाला बोलू, गाडीपेक्षा जास्त आवडायचं.

यंदा दिवाळीच्या आधी मी ती विकली. मग सुरू झालं सल्ल्यांचं पीक. आमच्या ग्रुपमधला नीलेश, स्वभावाने चांगला पण बोलायला लागला की थांबत नाही, म्हणाला, "ताकद कमी करू नकोस, ब्रेक चांगले बघ. तुझ्या बाबतीत प्रॉब्लेम ब्रेकचाच होता. म्हैस आडवी आल्यावर दुसरं कोणी असतं तर गेलंच असतं." दुसरा म्हणाला, उंच गाडी घे, लांबचं जनावर दिसतं. तिसऱ्याने दिव्यांबद्दल सांगितलं. प्रत्येकाचा सल्ला शेवटी त्या म्हशीपाशीच येऊन थांबायचा.

म्हशीची गोष्ट आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना पाठ आहे. आंदर मावळातला रस्ता, वळण, अचानक म्हैस आडवी आली, मी तिला वाचवायला गाडी शेतात घातली, खांद्याचं हाड मोडलं पण मुक्या जनावराला ओरखडा येऊ दिला नाही. नीलेश सांगता सांगता ती म्हैस दरवेळी थोडी मोठी करतो. ग्रुपने मला 'महिषासुरमर्दिनी' असं नाव पाडलं, त्याचं झगझगीत स्टिकर छापून आणलं आणि माझ्या टाकीवर चिकटवलं. अब्बांनी ते वाचून मांडीवर थाप मारली होती. मीही हसले होते. हसले नसते तर खरं सांगावं लागलं असतं.

आता सांगते. अजूनही जीभ अडखळतेय बघा.

भाताच्या लावणीचे दिवस होते. टाकव्याच्या पुढे डोंगराच्या बाजूला एक वाडी आहे, त्या रस्त्याने मी एकटी चालले होते. पाऊस थांबून ऊन पडलेलं. शेतातून वर आलेल्या ट्रॅक्टरने वळणावर ओल्या मातीचे गोळे सांडून ठेवले होते, आणि ते मला लांबून दिसले होते. दिसले होते — हे लक्षात ठेवा. पलीकडून शाळा सुटलेल्या पोरी घरी चालल्या होत्या. त्या भागात एसटी कधीमधी येते, पोरी लांब लांब चालतात. त्यांनी मला बघितलं, एकीने दोन्ही हात वर केले, ओरडली, "ताई, पळवा की!"

आणि मी पळवली. चिखल दिसत असताना, वळण समोर असताना — त्या पोरींनी बघावं म्हणून मूठ पिळली. मागचं चाक साबणावर गेल्यासारखं सटकलं. पुढे काय झालं ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी भाताच्या खाचरात पाठीवर पडले होते, तोंडात चिखल होता, आणि गाडी बांधावर पडून आपली घरघरत होती. पोरी किंचाळत वाडीकडे पळाल्या, माणसं बोलवायला.

माझ्यापाशी पहिली पोहोचली ती एक म्हातारी. हौसा मावशी. कासोटा खोचलेला, पाय गुडघ्यापर्यंत ओले. ती ओढ्यावर पाय धुवायला वाकली होती, तिची पाठ होती रस्त्याकडे, तिने काहीच पाहिलं नव्हतं. तिने माझं डोकं मांडीवर घेतलं, पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "काय आडवं आलं गं, पोरी? म्हस आली का?"

तुम्ही आमच्याकडचे असाल तर तुम्हाला कळेल. आमच्याकडे कोणी गाडीवरून पडलं की पहिला प्रश्न हाच असतो. 'कसा काय पडलास' असं कोणी विचारत नाही, 'काय आडवं आलं' असं विचारतात. पडलेल्या माणसाची अब्रू राहावी म्हणून विचारतात. कुत्रं म्हणा, डुक्कर म्हणा, खड्डा म्हणा — काहीही म्हटलं तरी चालतं. पण तिने म्हशीचं नाव घेतलं, आणि मी मान हलवली. "हो. म्हैस."

मग तिचा चेहरा पाहिला. तो कसा उतरला, ते मी विसरायचा फार प्रयत्न केलाय. कारण म्हैस तिचीच होती. चंद्री. कपाळावर पांढरा ठिपका असलेली. बांधाच्या पलीकडे करंजाच्या झाडाखाली, मावशीने जिथे सोडली होती तिथेच, निवांत रवंथ करत उभी होती. मी तिला पडण्याच्या आधीही पाहिलं होतं. ती जागची हललीसुद्धा नव्हती. पोरींनी तर सगळं पाहिलं होतं, पण त्याही कुठे बोलल्या नाहीत; 'पळवा' म्हणून आपणच ओरडलो, याची त्यांना भीती वाटली असावी.

तेव्हा बोलायला काय झालं होतं? बाई पडली म्हटल्यावर लोक म्हणतील, बायकांनी असल्या गाड्या चालवाव्याच कशाला — ही भीती होती. खरीच होती. पण त्यासाठी मी कोणाला पुढे केलं? ज्या बाईने चिखलातून माझं डोकं उचललं, तिच्या म्हशीला. आणि खरं तर तिलाच.

हे एवढ्यावरच राहिलं असतं तरी मी कदाचित स्वतःला समजावलं असतं. पण राहिलं नाही.

मी तळेगावच्या दवाखान्यात खांद्याला पट्टा बांधून पडले होते. एका सकाळी दारात हौसा मावशी. वडापच्या जीपने टाकवे, तिथून एसटीने कान्हे फाटा, मग लोकल — विचारत विचारत आली होती. पदराखाली गावठी अंडी आणि नव्या फडक्यात बांधलेला तांदूळ. माझ्या पायांशी उभी राहून हात जोडायला लागली. मला! म्हणाली, "माजी पाठ फिरली व्हती गं. माज्याकडूनच चुकलं. पण आता काळजी करू नको. लेकानं चंद्री वडिवळ्याच्या पाव्हन्यांना देऊन टाकली. म्हनला, उद्या कोनाचा जीव जायचा."

खोलीत सलीम होता, नर्स होती. सलीमने तिला खुर्ची दिली, चहा मागवला. आणि मी? मी मूग गिळून पडून राहिले. एक वाक्य बोलायचं होतं. चंद्री आडवी आली नव्हती, बस्स. त्या वेळी म्हैस परत आणता आली असती. मी डोळे मिटले, दुखतंय असं दाखवलं. मावशी माझ्या कपाळावर हात फिरवून गेली. पडले त्या दिवशी मी घाबरून खोटं बोलले असेन. पण त्या सकाळी मी शुद्धीत होते, चांगली जागी होते, आणि तरी गप्प बसले.

ते तांदूळ घरी शिजवले. सलीम म्हणाला, काय वास आहे! मी माझं ताट त्याच्याकडे सरकवलं.

त्यानंतर काही वर्षं गेली. आंदर मावळाचं नाव निघालं की मी म्हणायचे, तिकडचा रस्ता खराब आहे. रस्ता कधीचाच चांगला झालाय. गाडी दुरुस्त करून आणली, पण वळण आलं की माझा हात आखडायचा. ग्रुपमध्ये मुद्दाम सगळ्यात मागे राहायचे, म्हणायचे, मागची बाजू मी सांभाळते. मग कामाचं कारण सांगून रविवार चुकवायला लागले. म्हशीची भीती बसली असती तर ती समजण्यासारखी होती. मला भीती वाटत होती ती माझ्याच उजव्या हाताची. पण हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. शेवटी गाडी विकली, आणि विकतानाही कारण खोटंच सांगितलं — मेन्टेनन्स परवडत नाही म्हणे.

मग शोरूम. दिवाळी होऊन गेली होती, गर्दी ओसरली होती. काउंटरवरची मुलगी मोठी चुणचुणीत. मी तिला नीलेशचे सगळे निकष सांगितले — ताकद तेवढीच, ब्रेक भारी, उंची जास्त. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मॅडम, आधीची गाडी का सोडली ते खरं सांगा. त्याच्यावरच पुढची ठरते."

खरं सांगा! तिला बिचारीला काय माहीत. म्हैस खरी असेल तर नीलेश बरोबर होता, मोठी गाडी, मोठे ब्रेक. म्हैस खोटी असेल तर? मग मला हवी होती हळू चालणारी, माझा हात सावरेल अशी गाडी. मी शेजारच्या गाडीचा ब्रेक उगाच दाबून बघितला. तिने प्रश्न सोपा केला. "बरं, मागे कोण बसणार?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "एक मावशी आहे. नऊवारीतली. एका बाजूला पाय सोडून बसेल."

मी हे का म्हटलं? देवाशप्पथ, ठरवून नव्हतं म्हटलं. पण म्हटल्याबरोबर छातीवरचा धोंडा जरासा हलला. त्या मुलीने मला कोपऱ्यातली एक गाडी दाखवली. साडेतीनशे सीसीची, एकच सिलिंडर, जुन्या धाटणीची, ठक-ठक-ठक आवाजाची. सीट लांब, सपाट, रुंद. मागच्या चाकापाशी साडी-गार्ड. ती म्हणाली, ही घेणारे पहिलं काम साडी-गार्ड काढून टाकण्याचं करतात, काढू का? म्हटलं, हात लावू नकोस त्याला.

ग्रुपवर फोटो टाकला तर नीलेशने लिहिलं, "अगं, ही तर दूधवाल्याची गाडी! कॅन कधी लावतेस?" लिहू दे. स्टिकर मी नव्या गाडीला लावलं नाही. का लावलं नाही, ते येत्या रविवारी सगळ्यांना टपरीवर सांगणार आहे.

परवा गेले. भात झोडून झालं होतं, अंगणाअंगणात पेंढ्याच्या गंजी लागल्या होत्या. ते वळण आलं तेव्हा हात आखडला, पण या गाडीला घाई नव्हती, ठक-ठक करत वळण घेऊन गेली. मावशी ओट्यावर बसून वाल सोलत होती. डोळ्यांना जाड चष्मा, कानामागे दोरा. मला बघून म्हणाली, "आगं, तू ती पडलेली न्हवं? खांदा बरा हाय का?"

बरा आहे म्हटलं, आणि विचारलं, गुरांमागे कोण जातं आता? सून जाते, असं कळलं. चंद्रीच्या त्या प्रकारानंतर मावशीला कोणी जनावर घेऊन जाऊ दिलं नव्हतं. आईची नजर गेली, लक्ष राहत नाही, असं घरात ठरलं होतं. लेकाने चष्मा आणून दिला आणि ओट्यावर बसवलं. "मलाबी वाटाया लागलं, आपलं वय झालं," मावशी म्हणाली. आणि वाल सोलायला लागली.

म्हणजे मी नुसती म्हैस घालवली नव्हती. या बाईचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास घालवला होता.

मी खाली अंगणात, तिच्या पायाशी बसले. कसं सांगितलं ते विचारू नका, तुकडे तुकडे सांगितलं. की चंद्री आडवी आली नव्हती. की पोरींना दाखवायला मी गाडी पळवली. की दवाखान्यातही मला सगळं माहीत होतं. ती ऐकत राहिली. मग चष्मा काढला.

"मंग म्हस कुटं व्हती?"

"करंजाखाली. रवंथ करत."

"तितंच? मी सोडली व्हती तितंच?"

"तिथंच, मावशी. जागची हलली नव्हती."

मला वाटलं आता शिव्या बसणार. तिने मान वळवली आणि घरात बघून एवढ्या मोठ्याने ओरडली की कोंबड्या उडाल्या, "आगं ए! ऐकलंस का? चंद्री जागची हालली न्हवती! मी म्हनत न्हवते, मी तिला गवतात सोडल्याली?" सून धावत बाहेर आली. मावशीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. मग एकदम माझ्याकडे वळली, आणि हसू गेलं.

"आन् हे मला आत्ता सांगतीस? दवाखान्यात आलते मी. तवा काय तोंड शिवलं व्हतं तुजं? लय वाईट केलंस, पोरी. लय वाईट."

केलं होतं. ती उठून आत गेली. सूनही गेली. मी अंगणात एकटी, वालाच्या सालांकडे बघत बसले. जावं असं वाटलं, आणि जाऊ नये असंही वाटलं.

मावशी बाहेर आली ती धुतलेलं लुगडं नेसून. फडक्यात भाकरी बांधलेली. चष्मा नव्हता. सून मागून म्हणत होती, अहो आत्या, चष्मा तरी! मावशी गाडीपाशी गेली, सीटवर हात दाबून बघितला, आणि मला म्हणाली, "ऊठ. वडिवळ्याला न्हे मला."

ती एका बाजूला पाय सोडून बसली. लुगड्याचा काठ साडी-गार्डवर व्यवस्थित पडला. धरायला तिने हात ठेवला तो नेमका माझ्या मोडलेल्या हाडावर. टाकव्यापर्यंत दर वळणाला "हळू, हळू" चाललं होतं. कामशेतच्या पुढे सरळ रस्ता लागला तशी पाठीमागून आवाज आला, "येवड्या हळू तं आमची बैलगाडी जाती. जरा पळव की!" पण मूठ मी तेवढीच ठेवली.

वडिवळ्याच्या पाहुण्यांच्या गोठ्यात चंद्री होती. पोट सुटलेली, म्हातारी झालेली, कपाळावर तोच ठिपका. शेजारी तिची रेडी. मावशी इतक्या वर्षांत इथे आलीच नव्हती — कोणत्या तोंडाने येणार, असं तिला वाटायचं. ती चंद्रीच्या गळ्याखाली हात घालून उभी राहिली, भाकरीचा तुकडा तोंडाशी धरला.

"लय आळ घेतला गं तुज्यावर, चंद्रे," ती म्हणाली. "मी आळ घेतला."

आळ तिने घेतला नव्हता. गोठ्याच्या दारात पाहुणे, त्यांच्या सुना, शेजारचे चार जण, सगळे येऊन उभे राहिले होते. मावशीने मागे वळून मला बघितलं आणि बाजूला सरकून जागा केली.

"आता तू सांग तिला."

मी हेल्मेट काढलं. सगळ्यांसमोर चंद्रीच्या डोळ्यांत बघितलं.

"चंद्रे, तू आडवी आली नव्हतीस," मी म्हटलं. "तू होतीस तिथंच होतीस. मी पोरींना दाखवायला गाडी पळवली आणि पडले. आणि नाव तुझं सांगितलं."

चंद्री भाकरी चावत राहिली.